डॉक्टरांची राणी आणि चार्जिंगची गाडी

गाडी घ्यायची हे ठरायला आमच्या घरात एक वाक्य पुरलं. कोणती घ्यायची हे ठरता ठरता मात्र इमारतीची लिफ्ट बंद पडली, अध्यक्षांचं आणि माझं बोलणं बंद झालं आणि भर दुपारी एका उड्डाणपुलावर, वाहतूक पोलिसाच्या देखत, मी एका हाडांच्या डॉक्टरांना मिठी मारून उभा होतो. पण हे क्रमानं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलतंच काही समजाल.

ते एक वाक्य बायकोचं. लेकीचा परदेशातून फोन आला होता की ती येतेय. शिक्षण संपलं, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारचं विमान. फोन ठेवला आणि बायको म्हणाली, "अहो, तिला आणायला आपल्या गाडीतून जायचं."

"आपल्या कुठल्या?"

"जी घेऊ त्या."

झालं. एवढ्यावर ठरलं. आम्ही दोघंही त्या दिवशी इतके खुशीत होतो की बायकोनं हत्ती घेऊ म्हटलं असतं तरी मी त्याच्या विम्याची चौकशी केली असती. विमा हा माझा धंदा आहे. म्हणजे नोकरी. एका विमा कंपनीत मी गाड्यांच्या दाव्यांची छाननी करतो. कुणीतरी गाडी ठोकतं, ती कशी ठोकली गेली याचं सुरस वर्णन लिहून पाठवतं, आणि त्यातलं खरं किती नि खोटं किती हे मी ठरवतो. "झाड अचानक समोर आलं" असं लिहिणारे सद्गृहस्थ माझ्या टेबलावर रोज येतात. त्यामुळे गाड्यांबद्दल मला सगळं कळतं असा माझा समज होता. तो समज कंपनीतल्या कुणालाही नाही, हे वेगळं.

बायकोचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असते, "हे स्पष्ट दिसतंय की आधीचं?" या सवयीमुळे तिचं कुठल्याही बाबतीत दोन मिनिटांत मत तयार होतं. गाडीच्या बाबतीतही झालं. तिच्या एका गिऱ्हाइकानं विजेवर चालणारी गाडी घेतली होती. ती गाडी दुकानासमोर उभी राहिली, बायकोनं काउंटरवरूनच ती पाहिली आणि संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, "विजेचीच घ्यायची. धूर नाही, पेट्रोलच्या रांगा नाहीत, मोबाइलसारखी लावून ठेवली की झालं."

आता माझ्या मनात काय होतं ते सांगतो. माझ्या मनात राणी होती.

घाबरू नका. राणी ही गाडी. आमच्या इमारतीत तळमजल्यावर हाडांचे डॉक्टर राहतात, निवृत्त. त्यांची गाडी पार्किंगमध्ये करड्या आच्छादनाखाली झोपलेली असायची. रविवारी सकाळी डॉक्टर ते आच्छादन असं हळुवार काढायचे, की बघणाऱ्यानं नजर वळवावी. खाली गडद निळी, लांबलचक, अंगापिंडानं भरलेली गाडी. आत खऱ्या लाकडाची पट्टी, खऱ्या कातड्याच्या सीटा. दार लावलं की 'धप्प' असा आवाज. त्या आवाजात एक खानदान होतं. आमच्या घराचं दार लावताना ते प्रथम अडकतं, मग किंचाळतं, मग ढुंगणानं ढकलावं लागतं. त्यामुळे त्या 'धप्प'चं मोल मला कळत होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. "विमावाले," ते म्हणाले (इमारतीत माझं हेच नाव), "माझे गुडघे आता ब्रेक दाबू देत नाहीत. राणीला चांगल्या घरी द्यायची आहे. तुमच्याकडे देईन. दुसऱ्या कुणाकडे नाही."

सांगून आलेलं स्थळ! मी हवेत तरंगत वर आलो आणि बायकोला सांगितलं.

"ती?" बायको म्हणाली. "अहो, तिच्यात बसायला तुमच्याकडे कोट तरी आहे का?"

स्वाभिमान दुखावणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पण मी शांत राहिलो. मी म्हणालो, "दोन्ही गाड्या चालवून बघू. मग ठरवू." हे समंजसपणाचं वाक्य होतं. माझ्या आयुष्यातली सगळी संकटं माझ्या समंजसपणाच्या वाक्यातून निघालेली आहेत.

सल्ला मागायची वेळ आमच्यावर येत नाही, कारण आमच्या समोरच्या दारात 'अनुभवी' राहतात. कुठलाही विषय काढा, त्यांना त्याचा अनुभव असतो. मूळव्याध, मुंग्या, मुदतठेव, काहीही. आमचं बोलणं दारातून ऐकून ते चप्पल न घालताच आले.

"विजेची गाडी?" ते खुर्ची ओढून म्हणाले. "घेऊ नका. माझ्या साडूच्या मित्रानं घेतली. रस्त्यात मधोमध थांबली. का, तर म्हणे आतलं सॉफ्टवेअर नवं होतंय! बायको-मुलांसकट तासभर नवं होत बसले."

"मग डॉक्टरांची घेऊ?" मी आशेनं विचारलं.

"पांढरा हत्ती! एक नट बदलायचा तर समुद्रापलीकडून येतो. आला की कळतं, चुकीचा आहे."

"मग तुम्ही कुठली वापरता?" बायकोनं विचारलं.

"मी चालतो," अनुभवी म्हणाले आणि चहा संपवून गेले.

शनिवारी आधी विजेच्या गाडीचं दालन. तिथे आमच्या लेकीच्या वयाची एक मुलगी आली आणि तिनं मला इतक्या वेळा 'सर' म्हटलं की मी पोट आत घेऊन चालू लागलो. गाडी पांढरी, गुळगुळीत, साबणाच्या नव्या वडीसारखी. समोर पडदा, आमच्या टीव्हीपेक्षा मोठा. किल्ली नाहीच. "मग चालू कशी करायची?" मी विचारलं. "सर, ती चालूच आहे," मुलगी म्हणाली. बायको मागच्या सीटवर खुदकन हसली.

निघालो. मी जरा पाय टेकवला मात्र, गाडी अशी सुटली की माझी मान सीटला आणि बायकोचा "अगं बाई!" छताला चिकटला. अहाहा! खोटं कशाला बोलू, काळजात एक गोड कळ उठली. पुढच्या वळणापर्यंत मी जवळजवळ फितूर झालो होतो. पण मग मी डाव्या पट्ट्यातून किंचित उजवीकडे सरकलो आणि स्टिअरिंगनं माझा हात झटकला! चक्क झटकला आणि गाडी परत होती तिथे आणली. इतक्या वर्षांच्या संसारात माझा हात इतक्या स्पष्टपणे कुणी झटकलेला नाही. मी पुन्हा सरकलो. तिनं पुन्हा झटकला. आमची अशी थोडी झटापट झाल्यावर पडद्यावर कपबशीचं चित्र आलं आणि एक गोड बाई बोलली, "आपण थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्या."

"कोण थकलंय?" मी म्हणालो.

"सर, ती तुमच्या डोळ्यांकडे बघून सांगते," मुलगी म्हणाली.

"बरोबर सांगतेय," मागून बायको. "मी कधीची म्हणतेय, तुमचा नंबर वाढलाय. गाडीला कळलं, तुम्हाला कळत नाही."

परत येताना गाडी बायकोनं चालवली. संपूर्ण रस्ताभर त्या पडद्यावरच्या बाईनं हूं की चूं केलं नाही.

रविवारी राणी. मी कोट घातला. (भाच्याच्या लग्नातला. बटण लागत नव्हतं, पण गाडीत बसल्यावर कुणाला दिसतं?) खाली गेलो तर डॉक्टर आधीच मागच्या सीटवर, पाठीला उशी लावून बसलेले.

"तुम्ही येताय?" मी विचारलं.

"तिला अनोळखी माणसाची सवय नाही," डॉक्टर म्हणाले.

राणीनं गुरगुरून जांभई दिल्यासारखा आवाज केला आणि आम्ही निघालो. रस्त्यावर खड्डे आहेत हे मला रोज माझी कंबर सांगते. त्या दिवशी ती काही बोलली नाही. राणी खड्ड्यांवरून अशी जात होती की ते तिच्या कानावरच आलेले नसावेत. चौकात लोक वळून बघत होते. एका रखवालदारानं सलाम ठोकला. मी त्याला मान डोलावून उत्तर दिलं आणि तशीच मान पुढे दोन-तीन लोकांना डोलावली ज्यांनी काहीच केलं नव्हतं.

"हळू," मागून डॉक्टर. "तिला वळणावर घाई आवडत नाही... आता गिअर... आता नको, ती मागेल तेव्हा... ऐकलंत? मागितला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आमच्या गल्लीत शिरताना फळवाल्याची गाडी, भिंत आणि राणी या तिघांना एका वेळी जागा पुरेना. आरसे मिटले, पोटं आत घेतली, फळवाल्यानं कलिंगडं उचलून मांडीवर घेतली. डॉक्टर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. बाहेर आलो तेव्हा राणीवर ओरखडा नव्हता. माझ्या कोटाचं मात्र दुसरं बटण गेलं होतं. उतरताना डॉक्टरांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "नियमानं रोज सकाळी मी येऊन तिला बघून जाईन. तुमची काही हरकत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी विकत मिळणार होती. डॉक्टर फुकट मिळणार होते.

आता हरकतीवरून आठवलं. घोडं अडलं ते इमारतीच्या अध्यक्षांपाशी.

विजेची गाडी घ्यायची झाल्यास पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय हवी. बायको म्हणाली, सोय करून ठेवू, मग ठरवू. मी वीज कार्यालयात गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, इमारतीचा ना हरकत दाखला आणा. अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष आयुष्यभर कुठल्याशा खात्यात उपसचिव होते. 'हो' हा शब्द त्यांना निवृत्तीबरोबर परत करावा लागला असावा. ते म्हणाले, "जी गाडी नाही तिच्या चार्जिंगला हरकत नाही असं मी कसं लिहू? आधी गाडीची नोंदणी दाखवा." दालनात गेलो. ती मुलगी म्हणाली, "सर, चार्जिंगची सोय झाल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही." पुन्हा खिडकी. "दाखला आणलात?" असा मी त्या तीन ठिकाणी इतका फिरलो की खिडकीतले गृहस्थ मला बघून रुमालानं खुर्ची पुसायला लागले.

शेवटी सभा भरली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, गाडीला लावलेली वीज गळून पाण्याच्या टाकीत उतरली तर? अनुभवींनी सांगितलं की उतरते, त्यांनी पाहिलं आहे. अध्यक्ष म्हणाले, प्रकरण विचाराधीन ठेवू. डॉक्टर राणीच्या बाजूनं बोलायला उभे राहिले आणि गहिवरून खाली बसले. सभा बरखास्त.

मी घरी येऊन म्हणालो, "बघ, देवाच्याच मनात राणी आहे."

"देवाला पेट्रोल भरायचं नाहीये," बायको म्हणाली आणि तिनं दालनात फोन लावला. त्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर बायकोनं गेल्या आठवड्यातच काढून दिला होता. (मी राणीत मान डोलावत फिरत होतो तेव्हा. बायका काय करत असतात याचा पत्ता लागत नाही.) मुलीनं शब्द टाकला आणि शनिवार-रविवार दोन दिवस गाडी वापरून बघायला मिळाली. रविवारी लेक येणार! आमच्या दोघांच्याही अंगात वीस वर्षं कमी झाल्यासारखं वारं शिरलं होतं. बायको घरात गुणगुणत होती. मी कारण नसताना गाडीचं चाक लाथेनं तपासत होतो.

गाडी आली ती जवळजवळ रिकामी. विमानतळ लांब. भरायला तर हवीच. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली. ती पहिल्या मजल्यापर्यंत पोचली आणि संपली. काकू खिडकीत आल्या, लोंबती वायर पाहून "आली! वीज आली!" असं ओरडत आत गेल्या.

"अहो, लिफ्टच्या पेटीशेजारी प्लग आहे की," अनुभवी म्हणाले. "झाडूवाली तिथेच मोबाइल लावते. माझा अनुभव आहे."

मी तिथे लावली. गाडीच्या नाकाशी हिरवा दिवा लुकलुकला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कसल्या हे बघायला अध्यक्ष पाचव्या मजल्यावरून लिफ्टनं निघाले. मग कुठेतरी 'खट्ट' झालं. हिरवा दिवा गेला. लिफ्टही गेली, म्हणजे होती तिथेच राहिली, दुसऱ्या आणि पहिल्याच्या मधोमध, अध्यक्षांसकट.

"हरकत आहे!" आतून आवाज आला. "माझी हरकत आहे! लिहून घ्या!"

"पाय वर करून बसा," डॉक्टर खालून ओरडले. "रक्ताभिसरण चालू ठेवा!"

"उडी मारल्यासारखं करा," अनुभवी ओरडले. "ती सुटते!"

अध्यक्षांनी खरंच उडी मारली असावी, कारण एक 'धप्प' ऐकू आला. त्यात खानदान नव्हतं. लिफ्टवाला येऊन त्यांना बाहेर काढेपर्यंत ते आतून इमारतीची नियमावली म्हणत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जिन्यानं वर निघून गेले. तेव्हापासून ते जिन्यानंच जातात आणि मी दिसलो की भिंतीकडे तोंड करून चढतात.

रविवार उजाडला. पांढऱ्या गाडीत जेमतेम पोचण्यापुरती वीज होती. "पोचू," बायको म्हणाली. "तिथे विमानतळावर चार्जिंग आहे. लावू, भरू, येऊ."

"आणि नाही पोचलो तर? लेक बाहेर उभी राहील!" माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात खालून 'धप्प' ऐकू आला. बघतो तर डॉक्टर राणीत उशी लावून तयार. "विमावाले, चला. लेकीला राणीतून आणू. आज तिथेच किल्ली तुमच्या हातात देतो."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिच्यातून या," ती खाली येऊन पांढऱ्या गाडीत बसत म्हणाली. "मी हिच्यातून जाते. बघू लेक कुणाच्या गाडीत बसते ते." डोळ्यांत अशी चमक, की मी तिला पहिल्यांदा बघायला गेलो होतो तेव्हाही नव्हती.

आणि मग काय सांगू! मोकळा रस्ता, ऊन, दोन्ही गाड्या पुढे-मागे. बायको सावकाश, वीज जपून. मी तिच्या शेजारून पुढे गेलो आणि हॉर्न वाजवला. तिनं काच खाली करून जीभ दाखवली. दुकानाची मालकीण, इतक्या लोकांना नजर देणारी बाई, भर रस्त्यात जीभ! राणी नुसती वाहत होती. डॉक्टरसुद्धा "हळू" म्हणायचं विसरले, मध्येच एकदा "सोडा तिला!" असं म्हणाले. मी सोडली. बायको आरशात ठिपका झाली. मी जिंकत होतो.

उड्डाणपुलाच्या माथ्यावर राणीनं एक उसासा टाकला. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ आली. सगळे काटे एकदम झोपले आणि आम्ही कडेला थांबलो.

डॉक्टर उतरले. बॉनेट उघडून, वाकून, बोटांनी इथे-तिथे टकटक करत म्हणाले, "इथे दुखतं का?... इथे?" वाफेनं त्यांचा चष्मा भरला. मी हात घातला तर लेकीसाठी घातलेल्या कोटाच्या बाहीसकट कोपरापर्यंत काळा झालो. इतक्यात पांढरी गाडी आमच्या शेजारून गेली. बायकोनं आम्हाला पाहिलं, पण मागच्या वाहनांमुळे तिला थांबता येईना. पुलावरून उतरून, लांब वळसा घालून, पुन्हा वर येणं आलं. वीज तर तिच्याकडे मोजूनमापून होती. तरी ती वळली, हे मला वरून दिसलं.

वाहतूक पोलीस आला. "साहेब, इथे उभं राहता येत नाही."

"आम्ही नाही उभे राहिलो," मी म्हणालो. "ती राहिली."

त्यानं क्रेन बोलावली. क्रेनचा आकडा राणीच्या पुढच्या अंगाला लागला, तिची पुढची चाकं उचलली गेली आणि डॉक्टर एकदम फुटले. पांढऱ्या केसांचा माणूस, हजारो हाडं जोडलेला, लहान मुलासारखा. "तिला कळलं हो," ते हुंदके देत म्हणाले. "मी तिला देतोय हे तिला कळलं. म्हणून थांबली. आजवर कधी थांबली नव्हती." विम्याच्या भाषेत या दाव्याला काडीचा आधार नाही. मी अशी पत्रं रोज नामंजूर करतो. पण त्या पुलावर मला तो दावा शंभर टक्के खरा वाटला. मी त्यांना मिठी मारली. काळा हात त्यांच्या सदऱ्यावर उमटला. पोलिसानं तोंड फिरवून उगाच एका स्कूटरला शिट्टी मारली.

"डॉक्टर, बसा," बायकोचा आवाज आला. तिनं गाडी आणून उभी केली होती. "अहो, तुम्हीही. रडणं गाडीत."

क्रेनवाल्याला राणीच्या स्वभावाबद्दल सूचना देऊन डॉक्टर मागे बसले, उशी छातीशी धरून. आता गाडीत वजन वाढलं, वीज घटली. पडद्यावरची बाई बोलली, "ऊर्जा कमी आहे."

"माहीत आहे गं बाई," बायको म्हणाली आणि तिनं आतली हवा बंद केली, गाणी बंद केली, काचा खाली केल्या. आम्ही इतक्या सावकाश निघालो की एक सायकलवाला आमच्याशी थोडा वेळ बोलत बोलत आला आणि मग कंटाळून पुढे गेला. ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी खिडकीतून हात काढून त्यांची माफी मागत होतो. काळा हात बघून ते दचकत होते.

"किती राहिलं?" मी विचारायचो.

"तुम्ही श्वास जपून घ्या," बायको म्हणायची.

आणि याच सगळ्या घालमेलीत, उतारावर गाडी आपसूक घरंगळत असताना मी हळूच विचारलं, "ती किती दिवसांसाठी येतेय, विचारलंस?"

बायकोनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "नाही. तुम्ही?"

"नाही."

"मला वाटलं, विचारलं की उत्तर येईल," ती म्हणाली. मागच्या सीटवर डॉक्टरांचं नाक ओढणं थांबलं होतं.

पोचलो! कसे पोचलो ते त्या गाडीला आणि माझ्या बायकोला ठाऊक. फाटकातून शिरताना पडद्यावर वीज संपत आल्याची खूण म्हणून एक कासव दिसत होतं आणि बाईनं बोलणंच सोडून दिलं होतं. लेक बाहेर आली होती, सामानाच्या ढिगावर बसून दोन्ही दिशांना बघत होती. बायकोनं गाडी थांबवली न थांबवली आणि दार उघडं टाकून पळाली. मीही पळालो. तिघांची अशी मिठी पडली की लेकीच्या पाठीवर माझी पाच काळी बोटं कायमची उमटली.

मग तिनं आमच्याकडे नीट पाहिलं. आईचे केस वाऱ्यानं उभे, बापाचा हात कोळशासारखा, आणि गाडीत मागे एक सुजलेल्या डोळ्यांचे गृहस्थ उशी कवटाळून.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते काका गाडीबरोबर मिळाले का?"

"नाही गं. ते दुसऱ्या गाडीबरोबरचे."

"आणि ही आपली गाडी?"

"अजून ठरलं नाही," बायको म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

आम्ही दोघं एकदमच बोललो. बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी वर आकाशात एखादं विमान दिसतंय का ते बघू लागलो.

चार्जिंगच्या जागी टॅक्सींची रांग होती. आमची पाळी आली, गाडीला नळी लावली आणि आम्ही चौघं आत बसून राहिलो. दुसरं करणार काय? पेट्रोलची गाडी असती तर एव्हाना आम्ही निम्म्या वाटेवर असतो, आणि घरी काकू, अनुभवी, सगळी इमारत तिला बघायला दारात उभी. इथे कुणी नव्हतं. बायकोनं डबा उघडला. डॉक्टरांनी दोन घास खाल्ल्यावर घसा साफ करून सांगितलं, "विमावाले, रागावू नका. राणी मी देत नाही. गुडघ्यांचं बघतो काय ते." मी त्यांचा हात दाबला. मला, का कोण जाणे, फार हलकं वाटलं.

लेक मध्ये बसून खात होती. खाता खाता थांबली. "आई, बाबा, एक सांगायचं होतं. फोनवर धीर होईना. तुम्ही इतक्या हौसेनं पाठवलंत, चिडाल म्हणून..."

बायकोचा हात डब्याच्या झाकणावर थांबला.

"मी परत जाणार नाहीये. इथेच नोकरी मिळालीय. इथेच राहायचंय मला."

बायकोनं चष्मा काढला आणि पदर नाही, रुमाल नाही, माझ्याच कोटाच्या बाहीनं तो पुसू लागली, काळ्या बाहीनं. तो आणखी काळा झाला. तिनं तो तसाच डोळ्यांवर चढवला आणि लेकीकडे बघत राहिली.

"मी बाहेर जाऊन उभा राहतो," डॉक्टर म्हणाले.

"बसा हो, डॉक्टर," आम्ही तिघंही म्हणालो.

मग लेक बोलायला लागली. तिथली खोली, तिथली थंडी, वाचनालयातली तिची खिडकीची जागा, एकटीनं काढलेलं आजारपण जे तिनं आम्हाला कळू दिलं नव्हतं, एक मैत्रीण, एक आवडून नावडता झालेला मुलगा. बायको मध्ये मध्ये "आणि मग?" म्हणत होती. मी ऐकत होतो. डॉक्टरही ऐकत होते आणि आजारपणाच्या ठिकाणी त्यांनी दोन प्रश्न विचारले.

काचेवर टकटक झाली. मागचा टॅक्सीवाला वाकून आत बघत होता. "साहेब, तुमची गाडी भरली की. पडद्यावर येऊन गेलं."

मी पडद्याकडे पाहिलं. कासव गेलं होतं, सगळं हिरवंगार दिसत होतं. मागे लेक कुठल्याशा गोष्टीवर हसत होती आणि बायको तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत होती.

"अजून थोडं बाकी आहे," मी म्हणालो आणि काच वर केली.